उणे अठरा

अंबडच्या कोल्ड स्टोरेजचं दार उघडलं की
आधी वाफ बाहेर येते, मग निरगुडे,
कानटोपीत, मे महिन्यात.
"गर्गे मॅडम, कागद सगळे ओके आहेत."
कागद नेहमीच ओके असतात.

न्यूझीलंडच्या कोकरांचं बाराशे किलो मांस,
न्हावाशेवाहून कसारा चढून आलेलं,
गंगापूर रोडच्या हॉटेलात
इथल्याच द्राक्षांच्या वाइनसोबत वाढायचं.
लेबलवर कत्तलीची तारीख, गोठवल्याची तारीख,
कत्तलखान्याचा नंबर.
सोबत तिकडच्या पशुवैद्याचा दाखला
आणि त्याची सही, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट.
तीन वर्षं मी ही सही बघते आहे.
माणूस कधी पाहिला नाही,
पण तो घाईत असला की शेपूट आखूड होतं
एवढं ओळखते.

आज ते आखूड होतं.

थर्मामीटरची सळई दोन तुकड्यांच्या मधे खुपसली.
उणे अठरा.
दुसऱ्या खोक्यात, उणे अठरा.
आकड्यात खोट नव्हती.
खोट तळाशी होती:
गुलाबी बर्फाचा पापुद्रा, नखाएवढा जाड,
पुठ्ठ्याला धरून बसलेला.
कुठेतरी, कुठल्यातरी धक्क्यावर
या मांसाला घाम फुटला होता
आणि कुणीतरी त्याला पुन्हा गप्प केलं होतं.

कंटेनरच्या तापमानाचा आलेख मागवला.
रेघ सरळ, सरळ, सरळ,
मग अकरा तास कोरे,
मग पुन्हा सरळ, काही झालंच नाही अशी.
"बॅटरी गेली असेल," निरगुडे म्हणाला.
असेल.
अकरा तासांत विरजण लागून
दही आंबटसुद्धा होतं.

इद्रिस हातमोजे काढून जवळ आला.
खोकी तोच उचलतो, रोज,
त्याची बोटं जानेवारीत फुटतात आणि जूनमध्येही.
"गोठलेल्याला वास नसतो मॅडम.
तोंड शिवलेलं मटण हे.
आमच्या चुलत्याकडे बोकड सकाळी ओरडतो.
तेच त्याचं सर्टिफिकेट."
चुलत्याचं दुकान भद्रकालीत.
जाळी नाही, माश्या, तुंबलेली मोरी:
मागच्या वर्षी नोटीस मीच बजावली होती.
ते त्यालाही आठवलं, मलाही.
दोघं खोक्याकडे बघत राहिलो.

एजंटचा फोन.
शुक्रवारी लग्न आहे, दोनशे ताटं,
पाहुणे दुबईहून येणार.
"आणि तुम्ही तर खातसुद्धा नाही मॅडम!"
नाही खात.
आमच्या घरी अंडं आलं नाही कधी.
मी नोकरीला लागले तेव्हा आईने
माझ्या ऑफिसच्या कपड्यांना वेगळी बादली केली.
अजून आहे ती, निळी, कडेला चिरलेली.
पण ज्याला चव माहीत नाही
त्याला चवीची भुरळ पडत नाही,
हे फोनवर कुणाला सांगणार.
"प्रयोगशाळेचा अहवाल येऊ द्या," म्हटलं.

नमुन्याचे चार भाग. चार पिशव्या, चार सीलं.
थंडीत लाख पटकन धरत नाही,
निरगुडेने काडेपेटीच्या सहा काड्या घालवल्या.
साक्षीदार म्हणून इद्रिसने सही केली,
एकेक अक्षर थांबून, जणू कुणी तपासणार आहे.
मी माझी केली. पाच वाजून गेले होते,
सातपूरला अजून एक दुकान बाकी,
शेवटच्या 'गे'ची मात्रा द्यायची राहिली.
ते कागद बंद केल्यावर लक्षात आलं.

"अहवाल खराब आला तर?"
पुरायचं. पाथर्डीच्या डेपोत, चुना टाकून.
"बाराशे किलो?"
बाराशे किलो.
इद्रिसने हातमोजे पुन्हा चढवले.
"मग खड्डा खोल खणायला सांगा.
तिथली कुत्री नोटीस वाचत नाहीत."

बाहेर पडले. चष्म्यावर धुकं.
काही क्षण नाशिक दिसेना,
नुसता हॉर्न, आणि तापलेल्या डांबराचा वास.
मग आधी रिक्षा दिसली,
तिच्यामागे हळूहळू बाकीचं.